भिंत कशावर उभी होती?

रविवार, 16 जानेवारी 1994. संध्याकाळी 5

उद्या सोमवार असला तरी अमेरिकेत सुट्टी आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या वायव्येला पसरलेल्या सॅन फर्नांडो खोऱ्यात रविवारची संध्याकाळ जरा सैल आहे. पाच वाजून गेले की लगेच अंधार पडतो. रेसिडा बुलेव्हार्डवरच्या ‘नॉर्थरिज मेडोज’ या वसाहतीत एकेक गाडी परत यायला लागली आहे. 163 सदनिका, तळमजला आणि त्यावर दोन मजले. तळमजल्यावर काही घरं, आणि काही भागात वरच्या मजल्यांच्या पोटाखाली गाड्यांची जागा. आपण ज्याला स्टिल्ट पार्किंग म्हणतो, त्याचीच ही लाकडी आवृत्ती.

लाकडी म्हटलं की मराठी वाचकाला वाड्याचे सागवानी खांब आठवतात. इथं तसं काही नाही. दीड इंच बाय साडेतीन इंच मापाच्या उभ्या पट्ट्या साधारण सोळा इंचांच्या अंतरानं ठोकायच्या, आतून जिप्समचे बोर्ड लावायचे, बाहेरून जाळी मारून सिमेंटचं प्लास्टर चढवायचं, झाली भिंत. कॅलिफोर्नियातली बहुतेक घरं अशीच बांधलेली. ती वजनाला हलकी, आणि भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात बसतो. म्हणून ‘लाकडी घराला भूकंपाची भीती नाही’ हा समज तिथं पक्का बसला होता. एकमजली, दुमजली बैठ्या घरांपुरता तो बव्हंशी खराही होता.

वसाहतीपासून दोन-तीन किलोमीटरवर आणि जमिनीखाली 18 किलोमीटर खोल एका भ्रंशावर ताण साठत आला आहे. हा भ्रंश पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तो कुठल्याही नकाशावर नाही. मागच्या आठवड्यात सांता मोनिकाच्या उपसागरात छोटे धक्के बसले होते, त्यातला मोठा 3.7 चा. एवढ्याशा धक्क्यानं लॉस एंजेलिसचा माणूस हातातला चहाचा कपही खाली ठेवत नाही.

रात्री 8

गाड्या आत लागल्या आहेत. वरच्या मजल्यांवर दिवे आहेत. या इमारतीला आडवा धक्का बसला तर तो कोण अडवणार, हा प्रश्न आत्ता कुणाच्याच डोक्यात नाही, आणि असायचं कारणही नाही. तो प्रश्न नकाशा काढणाऱ्याचा.

उभ्या पट्ट्यांची नुसती चौकट बाजूनं ढकलली तर तिचा चौकोन तिरका होतो. तिच्यावर प्लायवूड लावून कडेनं दाट खिळे मारले की ती सरळ राहते. हीच लाकडी इमारतीतली शिअर वॉल. तिची ताकद प्लायवूडच्या जाडीत थोडी आणि खिळ्यांत जास्त असते. हातोड्याऐवजी हवेच्या बंदुकीनं खिळा मारताना दाब जास्त झाला तर खिळ्याचं डोकं प्लायवूडच्या वरच्या थरात घुसतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. प्रत्यक्षात खिळ्यानं धरायचं लाकूड तेवढ्यानं पातळ झालेलं असतं, आणि धक्क्यात डोकं आरपार निघून येतं. नॉर्थरिजच्या भूकंपानंतरच्या पाहण्यांत असे घुसलेले खिळे वारंवार सापडले.

पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या कित्येक इमारतींत प्लायवूडचा हिशेबच कमी होता. बाहेरचं सिमेंट प्लास्टर आणि आतले जिप्सम बोर्ड यांनाच आडव्या जोराची भिंत मानायला नियम परवानगी देत होता. ही दोन्ही सामानं सुरुवातीला ताठ असतात. चार-पाच झोके खाल्ले की खिळ्यांभोवती भुगा होतो आणि ताठपणा संपतो. हे कागदावर दिसत नाही, कारण कागदावर जोर एकाच दिशेनं आणि एकदाच लावलेला असतो.

रात्री 10

पाच दिवसांची चंद्रकोर मावळली आहे. आता मुख्य मुद्द्याकडे येऊ, म्हणजे भिंतीखालच्या तुळईकडे.

गाडी आत घ्यायची तर तळमजल्याला तोंड हवं. तोंड हवं तर तिथं भिंत नको. मग वरच्या दोन मजल्यांतून खाली आलेली भिंत पार्किंगच्या छतापाशी येऊन थांबते. खाली तिला पाया मिळत नाही, मिळते एक लाकडी तुळई, तिच्या दोन टोकांना लोखंडी नळीचे बारीक खांब. भिंतीचं वजन पेलायला ही तुळई पुरेशी असते. वर्षानुवर्षं ती मुकाट्यानं पेलते. म्हणूनच तिच्याबद्दल कुणाला शंका येत नाही.

एक नमुन्याची भिंत घेऊन आकडेमोड करू. ही मेडोजमधली अमुक एक भिंत नव्हे, समजण्यापुरती घेतलेली आहे. वरच्या दोन मजल्यांत एकावर एक अशी 2.4 मीटर लांबीची शिअर वॉल आहे. प्रत्येक मजला 2.7 मीटर उंच. भूकंपात छपराच्या पातळीवर तिला दीड टनाचा आडवा रेटा बसला आणि मधल्या मजल्यावर एक टनाचा. छपराचा दीड टन तुळईपासून 5.4 मीटर उंचीवर आहे, म्हणजे भिंतीला उलथवायला 8.1 टन-मीटर. मधला एक टन 2.7 मीटरवर, त्याचे 2.7. एकूण 10.8. ही उलथापालथ भिंतीनं आपल्या दोन टोकांच्या खांबांत वाटून द्यायची, आणि त्यांच्यातलं अंतर 2.4 मीटर. 10.8 ला 2.4 नं भागलं की येतात साडेचार टन.

म्हणजे भिंतीचं एक टोक तुळईला साडेचार टनांनी खाली दाबतं आणि त्याच क्षणी दुसरं टोक तेवढ्याच जोरानं तिला वर उपसतं. वजनामुळे यात थोडी वजाबाकी-बेरीज होईल, ती सोडून देऊ. अशा इमारतीचा झोका सेकंदाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात पुरा होतो. त्याच्या निम्म्या वेळात टोकांची अदलाबदल झालेली असते. जे दाबत होतं ते उपसतं, जे उपसत होतं ते दाबतं.

तुळई दोन गाड्यांच्या रुंदीची, 6 मीटर लांब धरली, तर हाच पीळ तिच्या टोकांपर्यंत पोचतो. 10.8 भागिले 6, म्हणजे एका टोकाचा नळीखांब 1.8 टनांनी जास्त दाबला जातो आणि दुसऱ्या टोकाला 1.8 टन वर ओढतात. हा खांब बसवताना कुणी त्याला उपटून काढायचा विचारच केलेला नसतो. खाली दोन बोल्ट, वर एक पट्टी, एवढ्यावर तो उभा.

रात्री 12

तारीख बदलली. तुळईचा हिशेब अजून संपलेला नाही.

भिंतीच्या टोकाचा खांब तुळईवर जिथं टेकतो तिथं तिच्या लाकडाचे धागे आडवे असतात. लाकूड धाग्यांच्या दिशेनं कणखर आणि आडव्या दिशेनं मऊ, हे सुताराला शिकवावं लागत नाही. कॅलिफोर्नियात सर्रास वापरलं जाणारं डग्लस फर लाकूड आडव्या दाबाला दर चौरस सेंटीमीटरला साधारण 44 किलो घेऊ शकतं असं हिशेबात धरतात. साडेतीन इंच चौरस खांबाचा तळ भरतो 79 चौरस सेंटीमीटर. गुणाकार साडेतीन टनांच्या आतबाहेर. येणारा दाब साडेचारचा. तुळई मोडायच्या आधी खांबाचा तळ तिच्यात रुतायला लागेल.

इथं एक बारकावा आहे आणि तो घाईत निसटतो. वारा किंवा भूकंप असा क्षणिक जोर असेल तर लाकडाची परवानगीची ताकद 1.6 पटीनं वाढवून घेता येते. क्षणभराचा भार लाकूड जास्त सोसतं, हे खरंच आहे. पण ही सवलत आडव्या दाबाला लागू नाही. सगळ्या तक्त्याला 1.6 नं गुणून मोकळं व्हायची ज्याला सवय आहे, तो नेमका याच ठिकाणी फसतो.

उपशाची बाजू आणखी विचित्र. गुरुत्वाकर्षणाखाली तुळई खाली वाकते, तिची वरची कड दाबली जाते, आणि ती कड वरच्या तक्तपोशीला खिळलेली असल्यामुळे बाजूला सरकू शकत नाही. भिंतीनं तिला वर ओढलं की सगळं उलटतं. आता दाब खालच्या कडेला. ती कड पार्किंगच्या हवेत मोकळी. उंच, अरुंद तुळई अशा वेळी बाजूला मुडपते. त्यामुळे जाणकार इंजिनिअर खालच्या कडेलाही आडव्या आधाराचे तुकडे मागतो, आणि साइटवरचा माणूस त्याला विचारतो की साहेब, इथं हे कशाला?

आणि शेवटी वाक. समजा तुळई एका बाजूला 1 सेंटीमीटर दबली आणि दुसऱ्या बाजूला 1 सेंटीमीटर उचलली गेली. एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. 2.4 मीटरमध्ये 2 सेंटीमीटरचा तिरकेपणा आला, म्हणजे 5.4 मीटर उंचीवर छप्पर साडेचार सेंटीमीटर सरकलं. भिंतीचा एकही खिळा अजून हललेला नाही, तरी छप्पर दोन-अडीच बोटं पुढं गेलं. ताठ भिंत नरम तुळईवर ठेवली की तिचा ताठपणा फुकट जातो.

सोमवार, 17 जानेवारी. पहाटे 2

खोरं झोपलं आहे.

तुळई मजबूत करायची तर किती? भिंतीवर येणाऱ्या जोराइतकी केली की पुरे, असं कुणालाही वाटेल. इथंच गफलत आहे. भूकंपाचा खरा जोर हिशेबात पूर्ण धरतच नाहीत. भिंतीतले खिळे वाकतात, परत सरळ होतात, पुन्हा वाकतात, आणि या वाकण्यात धक्क्याची ऊर्जा जिरते. या लवचिकपणाच्या भरवशावर जोर भागून कमी केला जातो. प्लायवूडच्या शिअर वॉलसाठी आजच्या अमेरिकी मानकात हा भाजक 6.5 आहे. म्हणजे आपल्या नमुन्यातले दीड टन आणि एक टन हे असे भागून उरलेले आकडे.

भिंतीला ही सवलत शोभते, कारण तिच्यात खिळे आहेत. तुळईत काय आहे? ती वाकून ऊर्जा जिरवत नाही, तडकते. घरातल्या वायरिंगमध्ये फ्यूज आधी जळावा अशी सोय असते. इथं खिळे हे फ्यूज, आणि तुळई म्हणजे भिंतीत गाडलेली वायर. वायर आधी जळाली तर फ्यूजचा उपयोग शून्य.

शिवाय भिंत हिशेबापेक्षा नेहमी जास्त भरते. खिळे थोडे जास्त पडलेले असतात, प्लास्टर मदतीला येतं, लाकूड तक्त्यापेक्षा चांगलं निघतं. ही जादा ताकद भिंतीच्या बाबतीत चांगली बातमी, आणि तिच्याखालच्या तुळईच्या बाबतीत वाईट. भिंत जितकी दमदार, तितका मोठा दाब ती खाली पाठवणार. म्हणून आता नियम सांगतो की जी भिंत मध्येच थांबते तिच्या आधाराला, मग तो खांब असो वा तुळई, भिंतीच्या हिशेबी जोराच्या अडीच ते तीन पट जोर धरा. आपले साडेचार टन अडीच पटीनं सव्वाअकरा होतात.

एवढी मोठी तुळई कशाला, वर तर साधी प्लायवूडची भिंत आहे, अशी कुरकुर बांधकाम खात्यांच्या खिडकीवर रोज होते. डेव्हलपर करतो, आर्किटेक्ट करतो, कधी कधी तरुण इंजिनिअरही करतो. माझं मत विचाराल तर पार्किंगच्या दारावरचे पैसे वाचवायचे असतील तर भिंत सरळ खाली पायापर्यंत न्या. मधल्यामध्ये तोडायची असेल तर तिची किंमत मोजा.

पहाटे 3

हे सगळं 1994 च्या आधी ठाऊक नव्हतं का? बरंचसं होतं. याच खोऱ्याच्या उत्तरेला 9 फेब्रुवारी 1971 ला सकाळी सहाच्या ठोक्याला सॅन फर्नांडोचा भूकंप झाला होता. रुग्णालयं कोसळली, फ्रीवेचे पूल पडले. त्यानंतर नियम बदलले, पण बदलांचा रोख काँक्रीटवर होता. लाकडी इमारतींवर कुणाची नजर गेली नाही, कारण त्यांत माणसं फारशी मेली नव्हती. 1989 ला उत्तरेकडे लोमा प्रिएटाच्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरिना भागात खाली गॅरेज असलेल्या लाकडी इमारती गुडघ्यात मोडल्या. तो इशारा स्पष्ट होता. मात्र मरिनाची जमीन भरावाची आहे, आमची नाही, असं म्हणून तो बाजूला ठेवणं सोपं गेलं.

पहाटे 3:56

घड्याळातली हीच वेळ होती किल्लारीची. साडेतीनच महिन्यांपूर्वी, 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमून झोपलेल्या लातूर-उस्मानाबादच्या गावांवर दगडमातीच्या जाडजूड भिंती कोसळल्या. माणसं गेली आठ हजारांच्या घरात. भूकंप नॉर्थरिजपेक्षा लहान होता, 6.2 चा. तिथं लाकूड दोषी नव्हतं. माळवदाचा भार खांब-तुळयांवर असलेल्या काही घरांत सांगाडा उभाच राहिला आणि भोवतीच्या भिंती गेल्या. मराठवाड्यात वजनानं माणसं मेली. कॅलिफोर्नियात हलक्या घरांत जे होणार आहे, त्याचं कारण दुसरंच आहे.

पहाटे 4:30

सुट्टीचा दिवस, त्यामुळे गजर लावलेले नाहीत. फ्रीवे रिकामे आहेत. नॉर्थरिजमधल्या विद्यापीठाचं मोठं पार्किंग, मॉल, कचेऱ्या, सगळीकडे सामसूम. पुढं हजार ठिकाणी म्हटलं गेलं की ही वेळ होती म्हणून वाचलो. खाली घरं आणि गाड्या असलेल्या इमारतींच्या बाबतीत मात्र ही वेळ सगळ्यात वाईट होती. सगळे घरात होते.

4:31

खरं तर त्याच्याही पाच सेकंद आधी. 18 किलोमीटर खाली भ्रंश सुटतो आणि फाटत फाटत वर, उत्तरेकडे सरकतो. फाटण्याचं काम सात-आठ सेकंदांचं. भूकंप 6.7 चा.

पहिले तीन सेकंद: वर काहीच कळत नाही. मग दाबाच्या लाटा पोचतात, खालून ठोसा बसतो.

आणखी दोन-तीन सेकंद: आडव्या लाटा येतात. खोऱ्यातल्या टारझाना भागातल्या टेकडीवरच्या यंत्रानं गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून जास्त आडवा धक्का नोंदवला. इतका जोर कोणत्याही हिशेबात नव्हता. इथं मात्र नियमकर्त्यांना दोष द्यायचं कारण नाही, टारझाना हा अपवाद होता.

पुढचे दहाएक सेकंद: वरचे दोन मजले खोल्याखोल्यांच्या भिंतींमुळे ताठ आहेत, ते एका तुकड्यात हलतात. सगळी विकृती तळमजल्यात एकवटते, कारण भिंती तिथंच सगळ्यात कमी. बाहेरच्या प्लास्टरला तिरक्या भेगा जातात, खिळ्यांभोवती जिप्समचा भुगा होतो, आणि आता तळमजल्याला आडवं धरणारं फारसं काही उरत नाही. मजला एका बाजूला सरकतो. वरचं वजन खांबांच्या डोक्यावर होतं ते आता त्यांच्या बाजूला गेलं. यापुढं भूकंपाची गरज नाही, इमारतीचं स्वतःचं वजन काम पुरं करतं. दोन मजले जवळजवळ अखंड खाली बसतात.

4:32

मिनिटभरातच 6 च्या आसपासचा पहिला मोठा उत्तरधक्का. अख्ख्या लॉस एंजेलिस शहराची वीज गेली आहे.

पहाटे 5

इंटरस्टेट 5 आणि 14 क्रमांकाच्या मार्गाच्या संगमावरचा पूल तुटला आहे. अंधारात कामावर निघालेला मोटारसायकलवरचा पोलीस अधिकारी त्या तुटक्या टोकावरून खाली पडून मरण पावतो. बाल्बोआ बुलेव्हार्डवर पाण्याची आणि गॅसची मुख्य नळी एकाच जागी फुटली आहे, रस्त्यात पूर आणि पुरात आग. सांता मोनिका फ्रीवे कोसळला आहे. मोजदाद अवघड होत चालली आहे.

नॉर्थरिज मेडोजपाशी अग्निशमन दलाचे जवान पोचतात. समोर दुमजली इमारत दिसते. भेगा आहेत, काचा फुटल्या आहेत, पण उभी आहे. ती दुमजली नव्हती, खाली आणखी एक मजला आहे, हे कळायला वेळ लागतो. वरची घरं इतकी शाबूत होती की तळमजला गिळला गेला हे बाहेरून ओळखू येत नव्हतं.

सकाळी 7

उजाडलं आहे. जवान वरच्या घरांच्या जमिनी करवतीनं कापून खाली उतरण्याची वाट काढताहेत. दोन मजल्यांमधली उरलेली फट काही ठिकाणी इतकी कमी आहे की माणसाला पोटावर सरपटायलाही जागा नाही. काहीजण जिवंत निघतात.

या एका इमारतीत 16 माणसं गेली. सगळी तळमजल्यावरची.

दुपारी 3:30

दुसरा मोठा उत्तरधक्का. मदतकार्य चालूच आहे. विद्यापीठाच्या पार्किंगचं काँक्रीट रबरासारखं वाकलेलं वर्तमानपत्रांत उद्या छापून येईल आणि जगभर तेच चित्र लक्षात राहील. ते पार्किंग रिकामं होतं.

नंतर

अधिकृत आकडा 57 मृत्यूंचा. पुढं हिशेब नीट मांडला गेला तेव्हा दिसलं की इमारतींच्या पडझडीनं थेट मेलेल्या 25 जणांपैकी 24 जण लाकडी इमारतींत होते. राहण्याजोगी न उरलेली घरं 48,000 च्या आसपास, आणि तीही जवळजवळ सगळी लाकडी. नुकसान 40 अब्ज डॉलरच्या घरात, त्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त लाकडी बांधकामांचं. ज्या बांधकामाला भीती नाही असं सगळे समजत होते, त्याचा हा ताळेबंद.

लॉस एंजेलिसनं तातडीनं नियम कडक केले. सिमेंट प्लास्टरच्या भिंतीला हिशेबात जी ताकद मिळत असे ती निम्म्यावर आणली, जिप्समची तर जवळजवळ काढूनच घेतली. उंच आणि अरुंद शिअर वॉल चालत नाही, उंची लांबीच्या दुपटीत हवी, हे ठरलं. 1997 च्या युनिफॉर्म बिल्डिंग कोडमध्ये मध्येच थांबणाऱ्या भिंतींच्या आधारांसाठी वाढीव जोराचा नियम आला आणि त्यात काँक्रीट-पोलादाबरोबर लाकडाचंही नाव घातलं गेलं. त्या रात्री दोन वाजता आपण केलेली अडीच पटीची आकडेमोड या नियमातून येते. पुढं कॅल्टेकच्या पुढाकारानं लाकडी घरांवर मोठा संशोधन प्रकल्प झाला. बर्कलीच्या हादऱ्याच्या टेबलावर खाली पार्किंग असलेली तीन मजली लाकडी इमारत पुऱ्या आकारात बांधून हलवून पाहिली. इतकी वर्षं हजारोंनी बांधल्या गेलेल्या इमारतीची ही परीक्षा भूकंपानंतर व्हावी, याला काय म्हणावं!

हे नियम नव्या बांधकामांना. जुन्या इमारती उभ्याच होत्या. 1978 च्या आधीच्या, खाली नरम मजला असलेल्या लाकडी इमारती मालकांनी मजबूत केल्याच पाहिजेत, असा लॉस एंजेलिसचा ठराव झाला ऑक्टोबर 2015 मध्ये. नॉर्थरिजनंतर 21 वर्षांनी. इमारती होत्या सुमारे साडेतेरा हजार, मुदत सात वर्षं. पार्किंगच्या तोंडाशी पोलादी चौकट बसवायची किंवा आतल्या बाजूला प्लायवूडची भिंत वाढवायची, पाया धरायचा, काम संपलं. बहुतेक ठिकाणी भाडेकरूंना घरही सोडावं लागलं नाही. मग इतका उशीर का, याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये नाही, खर्च मालकानं करायचा की भाडेकरूनं या वादात आहे.

आपल्याकडे लाकडाची गोष्ट संपली, स्टिल्टची नाही. 26 जानेवारी 2001 ला भूज हादरलं तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत खाली पार्किंग असलेल्या काँक्रीटच्या इमारती बसल्या, आणि वरचे मजले तसेच एकावर एक उभे राहिले. भारतीय मानक 1893 च्या 2002 च्या आवृत्तीनं अशा उघड्या मजल्याच्या खांबांना आणि तुळयांना अडीच पट जोर धरायला सांगितलं. लाकूड असो की काँक्रीट, दोन्हीकडे आकडा अडीचच्या आसपास आला. 2016 च्या आवृत्तीत तर उघड्या मजल्यात शिअर वॉल किंवा तिरके आधार हवेतच असं आहे. पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-नागपुरातल्या कितीतरी सोसायट्या 2002 च्या आधीच्या आहेत.

तुमची त्यातली असेल तर पुढच्या वार्षिक सभेत रंग आणि लिफ्टचे विषय संपल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकच प्रश्न विचारा: वरच्या भिंती आणि खांब पार्किंगमध्ये कशावर येऊन टेकतात? उत्तर तोंडी घेऊ नका, नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.